कुबेक्टल टाइमआउट देतंय, पण ॲप मात्र व्यवस्थित सुरू आहे

रात्रपाळी_मिरज
संध्याकाळपासून अडकलेय. एका दूध संघाचं संकलनाचं ॲप मी सांभाळते, क्लाउडवरच्या कुबरनेटीस क्लस्टरवर (अनेक मशीनवर मिळून ॲप चालवणारी यंत्रणा). ३ नोड म्हणजे मशीन आहेत, कंट्रोल प्लेन म्हणजे क्लस्टरचं नियंत्रण क्लाउडवाल्यांकडे. आज साडेपाचला इथे लाइट गेली, चाळीस मिनिटांनी आली. तेव्हापासून घरून कुबेक्टलने (क्लस्टरला आज्ञा द्यायचं साधन) ‘कुबेक्टल गेट नोड्स’ केलं की अर्धा मिनिट नुसतं थांबतं आणि मग ‘आय/ओ टाइमआउट’.

ॲप मात्र चालू आहे. केंद्रावरच्या काकांना फोन केला, म्हशीच्या दुधाची ६.५ फॅटची पावती नीट छापली गेली म्हणाले. क्रेडेन्शियल (लॉगिनची ओळख) नव्याने उतरवून घेतले, लॅपटॉपही रीस्टार्ट केला, फरक नाही. सकाळी ६ च्या संकलनाआधी नवा दरतक्ता चढवायचा आहे, नाहीतर शेतकऱ्यांना जुन्या दराने पैसे लागतील. कोणी जागं असेल तर कृपया सांगा.

जुना_सर्व्हर
ताई, क्रेडेन्शियलचा नाद सोडा. टोकन चुकलं असतं तर ‘अनऑथोराइज्ड’ आलं असतं, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचून नकार. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’मध्येही पलीकडून उत्तर येतं. टाइमआउट म्हणजे पॅकेट वाटेतच गडप, बहुतेक वेळा फायरवॉलमुळे.

पावत्या लोड बॅलन्सरमधून (येणारी मागणी वाटून देणारा) पॉडकडे, म्हणजे ॲप जिथे चालतं तिथे जातात; तुमचं कुबेक्टल एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे कंट्रोल प्लेनच्या दाराशी. वाटाच वेगळ्या. आणि एपीआय सर्व्हर गाठता आला नाही म्हणून चालू पॉड थांबत नाहीत. एपीआय सर्व्हरला ठरावीक आयपींनाच (इंटरनेटवरच्या पत्त्यांनाच) परवानगी ठेवली आहे का? लाइट गेली तेव्हा राउटर बंद पडून आयपी बदलला असणार.

रात्रपाळी_मिरज
हो! ती यादी मार्चमध्ये मीच लावली होती, पार विसरले. राउटरच्या पानावर आता १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय. तोच यादीत टाकू ना?

पॉडवाला_रत्नागिरी
थांबा, तो नको. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते सीजीनॅटचे. इंटरनेटवाले अनेक घरं एका सार्वजनिक आयपीमागे बसवतात. क्लाउडला तो सार्वजनिक आयपी दिसतो, तुमच्या राउटरचा नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा आणि टर्मिनलवर ‘कर्ल आयएफकॉन्फिग.मी’ चालवा. जो पत्ता येईल त्याला /३२ (म्हणजे फक्त तोच एक पत्ता) लावून यादीत टाका. यादी क्लाउडच्या कन्सोलवरून बदलते, तिथे कुबेक्टल लागत नाही.

घाईत ०.०.०.०/० (म्हणजे सगळ्यांनाच परवानगी) मात्र टाकू नका, अगदी रात्रीपुरतंही. मी असं एकदा केलं होतं आणि ते उघडं दार पुढे चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

जुना_सर्व्हर
बरोबर. शिवाय सीजीनॅटवाला आयपी शेजारपाजाऱ्यांचाही असतो आणि तो पुन्हा बदलणारच. क्लाउडमध्येच स्थिर आयपीचं एक छोटं मशीन बॅस्टियन म्हणून (ज्यातूनच पुढे क्लस्टरकडे जायचं) उभं करा, यादीत तेवढाच पत्ता ठेवा.

रात्रपाळी_मिरज
झालं! कर्लने वेगळाच पत्ता दिला. तो टाकला, दोनेक मिनिटं थांबले, तीनही नोड ‘रेडी’. रात्री ११.१० ला दरतक्ता चढवला, रोलआउट (नवा बदल सगळीकडे लागू होणं) पूर्ण होईपर्यंत स्क्रीनसमोरून हलले नाही. दोघांचे मनापासून आभार.

सकाळी ६.२०: काकांनी पहिल्या पावतीचा फोटो पाठवलाय, दर नवा आहे. बॅस्टियन आज दुपारी उभा करते. घरचा आयपी त्यानंतरच यादीतून काढेन.