मदत हवी आहे: नवऱ्याचं घोरणं मध्येच बंद पडतं

सायली_क: घोरण्याची मला सवय आहे. पण हल्ली मध्येच आवाज थांबतो. काल घड्याळ लावून मोजलं, 25 सेकंद श्वास नाही! मग गुदमरल्यासारखा हुंदका आणि पुन्हा घोरणं. सकाळी म्हणे मस्त झोप लागली. लवकर सांगा, रात्र झाली की धडकी भरते.

रातकिडा: वय? वजन? बीपी? दिवसा पेंगतात का? काहीच लिहिलं नाहीत.

मधली_सुट्टी: कुशीवर झोपवा. टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घालायचा. आमच्याकडे आठवड्यात घोरणं बंद.

रातकिडा: घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडणं थांबलं असं नाही. चाचणी केलीत?

मधली_सुट्टी: चाचणी कशाला? मी शेजारीच झोपते ना!

सायली_क: वय 46, जाड नाहीत. बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी वरच असतं. त्याचा इथे काय संबंध?

जुना_कंपाउंडर: आहे ना! हा स्लीप ॲप्निया वाटतो: झोपेत घसा ढिला पडून मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो. रात्रभर हेच, मग बीपी गोळ्यांना दाद देत नाही. पुढे ठोके अनियमित होणं, पक्षाघात हे धोके. जबडा लहान असला तर बारीक माणसालाही होतं. स्लीप स्टडी करा, म्हणजे झोपेत श्वास, ऑक्सिजन मोजायची चाचणी. श्वास अडणं किंवा उथळ होणं तासाला 5 ते 15 वेळा असेल तर सौम्य, 30 च्या वर तीव्र. मनाने झोपेची गोळी देऊ नका, दारूही नको.

आळशी_बोका: मला बायकोच्या घोरण्याचा त्रास आहे. इअरप्लग कुठले घ्यावेत?

रातकिडा: वेगळा धागा काढा हो.

मधली_सुट्टी: चाचणी केली की मशीन गळ्यात मारतात, ते जन्माचं.

रातकिडा: गळ्यात नाही, नाकावर. तीन वर्षं सीपॅप लावतोय, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. पहिला महिना झोपेत मास्क भिरकावायचो. आता सकाळची डोकेदुखी गेली, रात्री तीनदा लघवीला उठणंही.

सायली_क: अय्या, ही दोन्ही आहेत! मला वाटलं प्रोस्टेट. आणि परवा सिग्नलला गाडीत डोळा लागला, मागच्यांच्या हॉर्नने जागे झाले.

रातकिडा: हे आधी सांगायचं! उपचार सुरू होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा. रात्रीचा व्हिडिओ काढून त्यांना दाखवा, डॉक्टरांनाही.

सायली_क: दाखवला. म्हणाले, "हा मी नाहीच."