वाशी मार्केटच्या अ‍ॅपला फायरबेस नको असं माझं मत. तुमचं?

घोडबंदरकर
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडत्यांसाठी अ‍ॅप करतोय. आवक, वजन, भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), खरेदीदाराची उधारी, सगळं त्यात. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या टीमचं यावरून जमत नाहीये. काहींना फायरबेस ही गूगलची तयार बॅकएंड सेवा हवी, म्हणजे लगेच कामाला लागता येईल. मी म्हणतो पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस घ्या, मग तो कुणाच्याही सर्व्हरवर ठेवा.

सर्व्हर बदलता येतो हो, पण डेटाची मांडणी बदलायला घेतली की जीव जातो. फायरस्टोअरमध्ये, म्हणजे फायरबेसच्या डेटाबेसमध्ये, डॉक्युमेंट (एक नोंद) वाचण्यागणिक बिल लागतं. म्हणून वाचणं कमी करायला आपण शेतकऱ्याचं नाव-गाव प्रत्येक पट्टीत पुन्हा लिहून ठेवतो. कोणी काय पाहायचं याचे नियमही त्यांच्याच भाषेत. उद्या निघायचं ठरलं तर फाइल मिळेल, पण एकाच माणसाच्या चार नोंदींतली खरी कुठली, हे कोण ठरवणार? हा पैशांचा हिशेब आहे. पट्टी चुकली की शेतकऱ्याचे पैसे अडकतात.

आणि ‘एवढी मोठी कंपनी, ती कशाला बंद करेल’ हे मला पटत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये पार्स हे असंच तयार बॅकएंड विकत घेतलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हर सांभाळून देणाऱ्या हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकट योजना काढून टाकली.

ऐरोली_बॅकएंड
साफ असहमत. पार्सची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. त्यांनी वर्षभराची मुदत दिली, पार्स सर्व्हरचा कोड खुला केला, लोक बाहेर पडले. हेरोकूवरही कोणाचा डेटा जप्त झाला नाही. पैसे भरा किंवा हलवा, एवढंच होतं.

तुमचं गिऱ्हाईक पहाटे गाळ्यात उभं असतं आणि तिथे नेट येतं-जातं. फायरस्टोअर नोंद मोबाइलमध्येच धरून ठेवतं, नेट आलं की वर पाठवतं. हे पोस्टग्रेससाठी स्वतः लिहायला बसाल तर महिने जातील. लॉगिनचीही धास्ती नको. पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) एक्स्पोर्ट होतात, आणि मार्केटमध्ये तर सगळे मोबाइल नंबर आणि ओटीपीनेच येणार. जे स्थलांतर कदाचित कधी होणारच नाही, त्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून आजच घेणं मला योग्य वाटत नाही.

घोडबंदरकर
नेटचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण पार्समधून लोक निघू शकले ते कशामुळे? खालचा डेटा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये होता. तो आपापल्या मोंगोडीबीत हलवला, वर खुला कोड बसवला आणि अ‍ॅप चालू राहिलं. फायरस्टोअर आपल्या मशीनवर बसवून चालवायला मिळत नाही.

महापे_ऑप्स
दोघांनाही एक विचारायचं आहे: बॅकअपवरून पूर्ण रिस्टोअर शेवटचं कधी करून पाहिलंत?

खुलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. टेराफॉर्म आणि रेडिस ही खुल्या कोडची साधनं: टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. जुन्या कोडवरून ओपनटोफू आणि व्हाल्की उभे राहिले म्हणून लोकांचं निभावलं. पोस्टग्रेस कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने. पण स्वतः सर्व्हर सांभाळायच्या फंदात पडू नका. ज्या एकट्या माणसाला तो सर्व्हर कळतो, त्याने नोकरी सोडली की तुम्ही फायरबेसपेक्षा जास्त अडकता. एखादी कंपनी सांभाळून देते तो पोस्टग्रेस घ्या आणि त्या कंपनीची खास एक्स्टेंशन्स (जोड-सुविधा) वापरू नका.

गाळ्यावरचा_हिशेबनीस
मी प्रोग्रामर नाही, मार्केटमध्ये हिशेब बघतो. आमच्यासाठी व्हेंडर म्हणजे तुम्ही लोक. आधीचा प्रोग्राम ज्याने करून दिला त्याने डोमेन आणि सर्व्हर स्वतःच्या नावावर ठेवले, नंतर फोन उचलणं बंद केलं. छापील कागदांवरून सगळी उधारी पुन्हा भरली आम्ही. आत डेटाबेस कुठला होता, ते आम्हाला आजही माहीत नाही. खातं शेठच्या नावावर असू दे आणि दर महिन्याला पट्टी-उधारीची एक्सेल आमच्या हातात येऊ दे.

ऐरोली_बॅकएंड
हे फायरबेसमध्ये सहज जमतं. प्रोजेक्ट शेठच्या गूगल खात्यावर, बिलही त्यांच्याच नावे. सुटलो ना आपण?

घोडबंदरकर
नाही सुटलो. खातं शेठचं असलं तरी नवा प्रोग्रामर आला की त्याला आमची ती विस्कटलेली मांडणीच उलगडत बसावी लागेल. टेबलं असली तर कोणीही उघडून वाचेल.

हिशेबनीस साहेब, एक्सेलचं आणि खात्याचं दोन्ही कोटेशनमध्ये लिहून देतो. आमच्या टीमपुढे मी असं ठेवणार आहे: पट्टी, उधारी, खातेदार पोस्टग्रेसमध्ये. गाळ्यावरची नोंद आधी मोबाइलमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, नेट आलं की वर. दोन मोबाइलवरून एकाच लॉटचं वेगळं वजन आलं तर दोन्ही राहतील, मेहताजी बघून एक कायम करतील. वजनाच्या बाबतीत शेवटची नोंद आपोआप खरी धरणं मला नाहीतरी नको होतं.

ऐरोली_बॅकएंड
वजनाचं मान्य. मग सिंक (नेट आल्यावर नोंदी वर पाठवणं) लिहायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, शेठना कळू दे कशाचे पैसे देतोय. मी मात्र अजूनही फायरबेसच घेतलं असतं.