मदत हवी आहे : अण्णांच्या नाकाजवळचा तीळ, बायॉप्सीत कॅन्सर आलाय

मुक्ता_सांगली : अण्णांच्या नाकाशेजारी तीळ होता, चष्म्याचं पॅड टेकतं तिथंच, सात-आठ महिने खपली धरायची, टॉवेलनं तोंड पुसलं की रक्त, आम्ही चष्म्यालाच दोष देत बसलो, पॅडसुद्धा बदलून आणले. आता रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. सर्जन म्हणतात काढू, शेजारचे काका म्हणतात आधी पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठं पसरलाय का बघायचा) करा. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, पटकन सांगा प्लीज!!

खारीबिस्किट : वय? केवढा आहे? नोड्युलर (गाठीसारखा) की इन्फिल्ट्रेटिव्ह (आत मुळं पसरणारा)? नुसतं बेसल सेल म्हणून काय कळणार.

रानमाणूस : आमच्या मामाचा तीळ चुना-सोडा लावून गेला. कापलं की कॅन्सर पसरतो.

खारीबिस्किट : मामाचा साधा तीळ असेल हो. हा चुन्यानं वरून जळतो आणि खाली वाढतच राहतो. कापल्यानं पसरतो हे कुठून आणलंत?

मेलबर्नवाली : इथं हा प्रकार घरोघरी, शेजारणीचे तीन काढलेत. मोहज सर्जरीच करा! एकेक थर काढून तिथल्या तिथं मायक्रोस्कोपखाली कडा बघतात, उरलं असेल तेवढंच परत काढतात. सकाळी गेलेली बाई दुपारी नाकाला पट्टी लावून गेटपाशी गप्पा मारत उभी.

खारीबिस्किट : ती सोय सगळीकडे नसते. मुक्ता, फ्रोझन सेक्शनवर, म्हणजे तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच, कडा तपासणार का ते सर्जनना विचार. सोप्या जागी 4 मिमी मार्जिन (भोवतीची चांगली कातडी) पुरतं, नाकाशी तेवढी मोकळी कातडी कुठून आणणार. पेट सहसा लागत नाही, हा लांब क्वचितच जातो, पण ठेवला तर नाकाची कूर्चा (मऊ हाड) खातो.

गुलाबपाणी : रोज एसपीएफ 50 लावा, मी कोणतं वापरते सांगू?

मुक्ता_सांगली : सनस्क्रीन नकोय हो मला! वय 71, 9 मिमी, नोड्युलर, पिगमेंटेड. काळा आहे म्हणजे मेलेनोमा का, तो जास्त घातक कातडीचा कॅन्सर? जन्म द्राक्षबागेत उन्हात गेला. 2021 ला स्टेंट टाकलाय, ती रक्त पातळ करायची गोळी मी कालपासून बंद केलीय, ऑपरेशनला रक्त जाऊ नये म्हणून.

खारीबिस्किट : अगं हे आधी सांगायचं ना!! आत्ताच्या आत्ता हार्टच्या डॉक्टरांना फोन कर. असल्या छोट्या ऑपरेशनला ती बहुतेक वेळा बंद करतच नाहीत, स्टेंटवाल्याची तर मनानं कधीच नाही. काळ्याचं म्हणशील तर आपल्याकडे बेसल सेल बऱ्याचदा काळाच असतो, बायॉप्सीत आलंय ते धर.

मुक्ता_सांगली : लावलाय, उचलत नाहीयेत.

मेलबर्नवाली : हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला लाव.

रानमाणूस : सांगलीत बेदाण्याला काय भाव चाललाय सध्या?

मुक्ता_सांगली : लागला. आजची गोळी लगेच द्या म्हणाले, वर ओरडले. जाते.