ॲम्बॅसडरला ‘फोर-टू-वन हेडर’? आधी हेडचे पोर्ट मोजा!

रामबागकर
काल आपल्या या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक फोटो पडला. १९७२ ची मार्क टू ॲम्बॅसडर, बॉनेट उघडं, आत आरशासारखा चमकणारा स्टीलचा हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. कारखान्यातून हेच काम करणारा बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड येतो. ‘फोर-टू-वन’ म्हणजे चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक. खाली मजकूर: ‘बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात दिला, फोर-टू-वन टाकला, १५ बीएचपी वाढले, गाडी आता गाडी वाटते.’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

भाऊ, १४८९ सीसीच्या त्या इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, एक्झॉस्टचे पोर्टच (धूर बाहेर पडायची तोंडं) तीन. एक नंबरच्या आणि चार नंबरच्या सिलिंडरला स्वतंत्र, दोन-तीन नंबरला मिळून मधला एक. मग चार नळ्या लावल्यास कुठे? फोटो मोठा करून पाहिला, तीनच आहेत. चौथीचे पैसे घेतले असतील तर परत माग.

आणि १५ बीएचपी! ते इंजिन कोरं करकरीत असताना पन्नासच्या आसपास द्यायचं. नुसत्या नळ्या बदलून तीस टक्के? ताकद मोजायच्या डायनोवर चढवली होतीस, की बायपासवर काच खाली करून कानाने मोजलेस?

या हेडला इनटेक नि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या उरावर. पातळ नळीची सगळी धग कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीला, फ्लोट चेंबरला. मे महिन्यात पाटणीपुऱ्याच्या सिग्नलला पाच मिनिटं अडकून बघ, पेट्रोल आतल्या आत उकळेल. मग धक्का मारायला आम्हीच.

सांवेर रोड फॅब
तो हेडर माझ्या हातचा नाही, हे आधीच सांगतो. पण पोर्ट तीन म्हणून हेडर फालतू, हे कुठलं शास्त्र? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. दोन आणि तीनमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, म्हणजे मधल्या नळीत त्यांची टक्कर होत नाही. एक आणि चारचंही तसंच. म्हणून बाहेरच्या दोन नळ्या आधी एकत्र करायच्या आणि मधली लांब ठेवून पुढे जोडायची. याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबीला असे हेडर वर्षानुवर्षं लागतात.

दुसरं, लोक माझ्याकडे शौक म्हणून कमी येतात, मॅनिफोल्ड तडकला म्हणून जास्त. महूच्या एका निवृत्त फौजी काकांचा मधल्या पोर्टपाशी तडकलेला. कुणीतरी साध्या रॉडने वेल्डिंग मारलं, आठवड्यात शेजारून पुन्हा तडकला. मी तापवून निकेलच्या रॉडने केला आणि रात्रभर राखेत थंड होऊ दिला. वर्षभर टिकला. कोलकात्याहून दुसरा मागवला तर पेटीतून निघाला तोच पिचलेला. २०१४ ला ॲम्बॅसडर बंद झाली. बीड कुठून आणायचं, रामबागेतल्या झाडाला लागतं?

अण्णा, सुदामा नगर
मला पोर्टबिर्ट कळत नाही. हिची बायपास झाली आहे. रात्री दीड वाजता गल्लीतून बुलेट जाते, फाट फाट फाट. ही दचकून उठते ती पहाटेपर्यंत जागी. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं म्हणून छाती फुगवायची, आणि हा कानातला कचरा कोण उचलणार? २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. हेडरवाल्यांनी ध्यानात ठेवा.

राऊचा जीपवाला
अण्णा, वहिनींना बरं वाटो, पण विषय बुलेटचा नाही. हेडर म्हणजे सायलेन्सर नव्हे. मागचा डबा शाबूत असेल तर हेडरने आवाज थोडा खोल होतो, फाट फाट होत नाही. ती पोरं डब्यातली जाळी काढतात.

अण्णा, सुदामा नगर
आज नळी बदलाल, उद्या जाळी काढाल. सगळे एका माळेचे मणी.

माणिकबाग
‘मूळचं तेच खरं’ म्हणणाऱ्या रामबागकरांना एक आठवण. आपल्या महाराजा यशवंतराव होळकरांची (दुसरे) अमेरिकन गाडी ड्यूसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी केलेली, नारिंगी नि काळी. एसजे म्हटलं की बॉनेटच्या कुशीतून बाहेर आलेल्या चकचकीत नळ्या आठवतात. त्या सुपरचार्जरवाल्या (इंजिनात हवा जोराने कोंबणाऱ्या) गाडीच्या. पण त्यांचा रुबाब एवढा, की सुपरचार्जर नसलेल्या साध्या ‘जे’च्या मालकांनीही त्या लावून घेतल्या. निव्वळ दिसण्यासाठी! म्हणजे नळ्यांचा हा शौक नव्वद वर्षं जुना आणि राजेशाही आहे.

रामबागकर
महाराजांची बरोबरी करायची तर आधी त्यांच्यासारखा माणिकबाग महाल बांधा. एसजेचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा होता, इथे पन्नासची बात चालली आहे. उद्या टांग्याला स्पॉयलर लावाल.

माणिकबाग
तोल सुटला की मुद्दा संपला समजायचं. मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, की मालकाने तिच्या काळात वापरली तशी? तुमच्या गाडीला अल्टरनेटर आहे ना? तोही डायनॅमो काढूनच आलाय. त्याला कुणी बाटवलं म्हणत नाही.

रामबागकर
अल्टरनेटर गरजेचा आहे. रात्री दिवे लागतात.

माणिकबाग
म्हणजे तुम्ही कराल ती गरज, दुसऱ्याने केलं की चाळा. छान.

राऊचा जीपवाला
२०२१ चा नियम विसरू नका. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून ‘व्हीए’ची पाटी घ्यायची तर ती मूळ स्वरूपात लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. ७२ ची गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार आहेत, तपासणाऱ्याने नळ्यांवर बोट ठेवलं तर तिथेच घोडं अडेल.

सांवेर रोड फॅब
हेडर चार नटबोल्टांचं काम आहे भिया. तपासणीच्या आदल्या दिवशी काढा, नंतर लावा.

रामबागकर
वा! म्हणजे आता चोरी कशी करायची तेही इथेच शिकवणार. आणि चार नटबोल्ट? पन्नास वर्षांचे गंजके स्टड काढताना त्यातले दोन हेडमध्येच तुटतात.

राऊचा जीपवाला
काका, राहवत नाही म्हणून बोलतो. तुमच्याच गाडीला हेडर होता ना? जाम गेटच्या राइडला मी मागेच होतो. घाटात तुमच्या बॉनेटमधून टिक टिक ऐकू येत होती.

रामबागकर
होता. म्हणूनच बोलतोय.

तीन मेकॅनिकांनी ती टिकटिक टॅपेटची म्हणून तीनदा टॅपेट सेट केले. चौथा म्हातारा होता. त्याने सकाळी थंड इंजिन चालू केलं, टॉर्च मारली, आणि गॅस्केटच्या कडेला काजळीची केसाएवढी रेघ दाखवली. हेडरचा फ्लँज, म्हणजे हेडला आवळायची पट्टी, इनटेकच्या फ्लँजपेक्षा पातळ. दोन्ही एकाच गॅस्केटवर, एकाच दाबाखाली. जाड बाजू घट्ट बसली, पातळ बाजू फुंकत राहिली. उतरवून सरळ पट्टी धरली तर फ्लँज वाकलेला, पट्टीखालून उजेड दिसत होता.

वर धग अडवायला मी नळ्यांना फायबरची पट्टी गुंडाळलेली. दोन पावसाळे तिने ओल धरून ठेवली. सोडली तर साध्या लोखंडाची नळी पापडासारखी हातात आली. बनवणाऱ्याने फोन उचलणं कधीच बंद केलं होतं.

सांवेर रोड फॅब
मग हेडरला का शिव्या? आधीच सांगायचं होतंत. फ्लँज इनटेकच्या जाडीचा कापायचा, जाड पाटाला बोल्टने जखडून वेल्डिंग करायचं, पाट सोडायच्या आधी थंड होऊ द्यायचं, मग तोंडावरून कटर फिरवायचा. हे न करणाऱ्याने ग्रिलच्या जाळ्या बनवाव्यात. ३०४ स्टील, आर्गनचं वेल्डिंग, पट्टी नाही, कार्ब्युरेटरखाली ॲल्युमिनियमचा पत्रा. आणि बसवल्यावर कार्ब्युरेटरचं हवा-पेट्रोलचं मिक्स्चर पुन्हा सेट करायचं. एवढं झालं की गाडी मोकळा श्वास घेते.

बाकी १५ बीएचपी ही थाप, कबूल. मी गिऱ्हाइकाला आकडा सांगतच नाही.

रामबागकर
आकडा सांगत नाही, पण त्याने मनात धरला तर खोडतही नसाल. असो. मॅनिफोल्ड खरंच तडकला असेल, दुसरा मिळत नसेल, आणि काम वर लिहिलंय तसंच होणार असेल, तर लावा बाबा. पण धडधाकट बीड भंगारात देणाऱ्याला माफी नाही.

अण्णा, सुदामा नगर
आणि बुलेटचं काय ठरलं?

मार्क टू ७२
फोटो माझाच. सकाळपासून वाचतोय. बीएचपी फॅब्रिकेटरने सांगितले तेच लिहिले. नळ्या तीनच आहेत, आत्ता मोजल्या. मॅनिफोल्ड तडकलेला नव्हता. दुपारी भंगारवाल्याकडे गेलो, नशिबाने ढिगात वरच पडला होता. मी दिला तीस रुपये किलोने. परत घेताना तो शंभरच्या खाली येईना. म्हणाला, ‘साहब, ये तो ओरिजिनल है.’