स्ट्रॉबेरी-रुबार्बचा पाय (pie, मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरून भाजलेला): कुणी घरी केलाय का? आपापले अनुभव लिहा

सातरस्ता_सकाळ
काल संध्याकाळी सात रस्त्याला हातगाडीवर स्ट्रॉबेरी दिसली. महाबळेश्वरची, सीझन संपत आल्यामुळे जरा मऊ पडलेली. डबी नाकाशी नेली आणि तिथंच उभी राहिले. गाडीवाल्याला दोनदा "ताई, किती देऊ?" विचारावं लागलं.

२०१३ चा मे. अमेरिकेतलं मिनेसोटा. मला पाचवा महिना आणि डोहाळे कैरीचे. आई फोनवर पन्ह्याचं सांगत होती आणि मी तिकडं रडत होते. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहायच्या. कैरी म्हणजे काय ते त्यांना सांगता येईना, म्हणून मी तोंड आंबट करून दाखवलं. त्या उठून परसात गेल्या. तिथं अळूसारखं एक बेट होतं, सुपाएवढी पानं, देठ लाल आणि अंगठ्याएवढे जाड. आजींनी एक देठ बुडाशी धरला, पीळ दिला आणि ओढून काढला. सुरी लावली नाही. पान मोडून खताच्या ढिगावर टाकलं, देठ नळाखाली धुतला, टोक साखरेत बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. मी करकर चावलं आणि कानामागं कळ गेली. कैरी नव्हती, पण कैरीची सख्खी बहीण.

तो रुबार्ब. जूनमध्ये तिकडची स्ट्रॉबेरी आली तेव्हा त्यांनी मला पाय शिकवला. आधी माझे दोन्ही हात नळाच्या गार पाण्याखाली धरले, मग पुसून मैद्यात घालायला लावले. बटर वितळता कामा नये, हेच पुन्हा पुन्हा सांगायच्या.

२०१६ ला आम्ही सोलापुरात परत आलो. आजी आता नाहीत. इथं रुबार्ब नाही, आणि मार्चमध्येच ऊन असं की बटर ओट्यावर ठेवेपर्यंत घामेजतं. तरी दरवर्षी एकदा करतेच, रुबार्बच्या जागी कैरी घालून. स्ट्रॉबेरी संपत आलेली आणि कैरी नुकती आलेली, असे दोन-तीनच आठवडे मिळतात. उद्या पहाटे करणार आहे. तुमचं सांगा.

कडक_भाकरी
आमचं लिंगायत घर. मी नवीन लग्न होऊन आलेली. फोनवर बहिणीला सांगत होते, "आज पाय केलाय, मस्त झालाय." आजेसासूबाई देवघरातून उठून आल्या. "या घरात पाया शिजला?" त्यांना ओव्हनपाशी नेऊन दाखवेपर्यंत माझे हात कापत होते. मग त्यांनीच पहिला तुकडा खाल्ला, आणि पुढं नऊ वर्षं, जाईपर्यंत, त्याला "गोड कानवला" म्हणायच्या. माझा सफरचंदाचा होता पण.

विजापूररोड_२
गोड कानवला 😂❤️ आजीचं बरोबरच आहे की. वर पारी, आत सारण.

बाळीवेसची_लेक
ताई, वाचून डोळे भरले. मी इंग्लंडमध्ये लीड्सला नर्स आहे. इथं वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्याला रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. फेब्रुवारीत एका शेडमध्ये गेले होते. झाडाचे गड्डे दोन वर्षं शेतात वाढवतात, थंडीचा कडाका खाऊ देतात आणि मग पूर्ण अंधाऱ्या शेडमध्ये उबेला आणून ठेवतात. उजेड नसल्यामुळे देठ कोवळे, गुलाबी राहतात आणि पानं इवलीशी पिवळी. तोडणीसुद्धा मेणबत्त्यांच्या उजेडात. सगळे गप्प उभे होतो आणि मधेच 'पट्' असा आवाज यायचा, कोंब फुटल्याचा. मला एकदम सिद्धेश्वरांच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं. आपल्या सोलापुरी चादरीला जसं जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तशी या रुबार्बला २०१० मध्ये युरोपात ओळख मिळाली.
इकडं पायपेक्षा क्रम्बल जास्त करतात, म्हणजे पारीऐवजी फळांवर मैदा-बटर-साखरेचा चुरा घालून भाजायचं, आणि वर गरम कस्टर्ड. नाइट ड्यूटीवर डबा न्यायचे. बाकी नंतर लिहिते, हँडओव्हरची वेळ झाली.

जुळेसोलापूर_गच्ची
मी बी मागवून कुंडीत लावलं होतं! डिसेंबरात उगवलं, जानेवारीत चार पानं आली, मी रोज फोटो काढायचो. एप्रिलमध्ये हिरवी जाळी बांधली, दोन वेळा पाणी दिलं, तरी आठवड्यात झोपलं. नंतर वाचलं की त्याला हिवाळ्यात चांगली कडाक्याची थंडी लागते, तेव्हा कुठं गड्डा झोपून परत जोमानं फुटतो. आपल्याकडं थंडीही नाही आणि झोपही नाही. कुंडी अजून ठेवलीय, आता त्यात पुदिना आहे.

निवृत्त_वनस्पती
एक गोष्ट आवर्जून सांगतो. खायचा फक्त देठ. पान अजिबात खायचं नाही, त्यात ऑक्झॅलिक आम्ल आणि इतर विषारी घटक असतात. त्या आजींनी पान मोडून टाकलं ते उगीच नव्हे.
आणि दुसरं, रुबार्ब आपल्याला अगदी परका नाही. आपला आंबट चुका त्याच कुळातला आहे. वैद्य जी रेवंदचिनी देतात तीही रुबार्बच्याच जातीची मुळी, सारक म्हणून वापरतात. हिमालयात हे रानात उगवतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी रुबार्ब आणि चुका दोन्ही बेतानंच खावं.

विजापूररोड_२
सर मग चुक्याचा पाय होईल का?

निवृत्त_वनस्पती
देठ फार बारीक, शिजला की लगदा होतो. रुबार्बचे तुकडे थोडे तरी अंग धरून राहतात. चुक्याचं डाळ घालून गरगटंच करावं. बायको आज तेच करते आहे.

रेल्वेलाईन्स_आई
प्रमाण द्या ना ताई. आणि अंड्याशिवाय होतो का?

सातरस्ता_सकाळ
अंडं लागतच नाही, वरून लावायला दूध चालतं. ९ इंची भांड्याचं देते.
पारीला मैदा अडीच कप, फ्रिजरमध्ये अर्धा तास ठेवलेलं बटर २०० ग्रॅम, बर्फाचं पाणी ६ ते ८ मोठे चमचे. पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बटर मैद्यात चोळून एकजीव करायचं नाही, वाटाण्याएवढे गोळे दिसले पाहिजेत. भट्टीत गेल्यावर त्या गोळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पारीचे पदर सोडवते. बटर आधीच वितळलं तर पारी बिस्किटासारखी घट्ट बसते. घरचं लोणी वापरलं तर त्यात ताकाचं पाणी राहतं, पीठ चिकट होतं. मळायचं नाही, नुसतं गोळा करून तासभर फ्रिजमध्ये.
आत रुबार्ब ३ कप, स्ट्रॉबेरी २ कप, साखर १ कप. कैरी असेल तर कडक घ्या, सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि साखर पाव कप वाढवा.
आता खरी गंमत. रस आळायला त्या आजी एक डबा काढायच्या, टॅपिओका लिहिलेला. मी उघडून बघितलं तर आपला साबुदाणा, जरा बारीक. त्यांना म्हटलं, आम्ही याची उपासाला खिचडी करतो. त्यांनी ती करून खाल्लीसुद्धा, शेंगदाण्याचा कूट मी सोलापूरहून नेलेल्या शेंगांचा. तर साबुदाणा मिक्सरला फिरवून ४ मोठे चमचे. कैरी स्वतःच रस आळते, तिला ३ पुरतात.
२२० वर २० मिनिटं, मग १८० वर ३५-४०. मधोमध रस जाड होऊन बुडबुडे आले पाहिजेत, कडेचे बघून फसायचं नाही.
आणि काढल्यावर निदान ४ तास हात लावायचा नाही.

अक्कलकोट_रोड
ते ४ तास!! मुलीच्या वाढदिवसाला केला होता, पाहुणे आले, पंधरा मिनिटांत कापला. सुरी घातली आणि सगळा रस ताटातून टेबलावर, टेबलावरून मुलीच्या पांढऱ्या फ्रॉकवर. ती रडायला लागली, मी पण. सासऱ्यांनी शांतपणे वाट्या आणल्या, पारी मोडून वर रस ओतला आणि सगळ्यांना चमचे दिले. सगळे दुसऱ्यांदा मागत होते.

नवीपेठ_जुना
आमच्या लहानपणी ओव्हन कुठला. दिवाळीला मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, नानकटाईचा नंबर लावायचा. रात्री अकराला नंबर यायचा. भट्टीवाला लांब फळीनं पत्रे आत सरकवायचा आणि आम्ही पोरं उबेला बसून झोपायचो. आईनं प्रत्येक नानकटाईवर काट्यानं खूण केलेली असायची, आपला पत्रा ओळखायला. पायचं माहीत नाही, पण वास म्हटलं की मला तोच आठवतो.

कडक_भाकरी
काका, आमच्याकडं खूण चारोळीची असायची 🙂

गड्ड्यावरचा_पाळणा
लई भारी धागा बे. मी पुण्यात होस्टेलला. मागच्या महिन्यात आईनं स्ट्रॉबेरी आण म्हटलं, हुतात्मा एक्सप्रेसनं आणली. सोलापूर येईपर्यंत खालचा थर गेला होता, बॅग अजून गुलाबी आहे. आईनं त्याचा जॅम केला.

रेल्वेलाईन्स_आई
बाळा, डबीत खाली कागद घालायचा आणि एकावर एक रचायच्या नाहीत. आणि जेवतोस ना नीट?

गड्ड्यावरचा_पाळणा
हो काकू. मेसची भाजी गोड असते पण. शेंगा चटणीवर चाललंय.

होटगीरोड_रात्रपाळी
माझा पाय लोडशेडिंगनं घेतला. २०११ असेल. नवा ओव्हन, बारा मिनिटं झाली आणि लाईट गेली ती अडीच तास. वरची पारीच्या पट्ट्यांची जाळी अर्धी फुललेली, खालची पारी कच्ची. आईनं तवा तापवला, त्यावर पातेलं ठेवलं, झाकण लावून मंद आचेवर ठेवलं. खालची बाजू खरपूस झाली. त्या वर्षी बाबा आजारी होते आणि काही जात नव्हतं त्यांना. त्यांनी दोन घास खाल्ले. ते एवढंच आठवतं मला त्या उन्हाळ्यातलं.

सातरस्ता_सकाळ
होटगीरोड, 🙏 आईंना नमस्कार सांगा.

पूर्वभाग_माग
आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. आमच्याकडं अंबाडी म्हणजे गोंगूरा, वर्षभर लागतेच. डिसेंबरात लाल अंबाडीची बोंडं येतात ना, मी त्यांचा केला. आतलं बी काढून टाकायचं, बाहेरच्या लाल जाड पाकळ्या ठेवायच्या. साखरेत पाच मिनिटं शिजवल्या, गार केल्या, मग स्ट्रॉबेरीत मिसळल्या. रंग असा की वेगळं काही लागत नाही. आंबटपणा पण रुबार्बसारखा कोरडा, कैरीसारखा फळाचा नाही. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिनं खाऊन सांगितलं की डोळे मिटून खाल्लं तर फरक कळणार नाही.

सातरस्ता_सकाळ
अहो!! दहा वर्षं मी मार्चची वाट बघत बसले. डिसेंबरात स्ट्रॉबेरी ताजी, कडक, थंडी पण असते आणि बटर हाताला ऐकतं. बोंडं कुठं मिळतात? मंडईत कधी बघितली नाहीत.

पूर्वभाग_माग
कन्ना चौकाकडं सकाळी आठच्या आत या, बायका पाटीत घेऊन बसतात. मी घेऊन ठेवीन तुमच्यासाठी. वाळवलेली आत्ता पण आहेत घरी, पण ताजीची मजा नाही.

बाळीवेसची_लेक
ड्यूटी संपली. वाचत बसले बसमध्ये. अंबाडीची भाकरी-भाजी खाऊन चार वर्षं झाली हो.

सातरस्ता_सकाळ
आज पहाटे पावणेपाचला उठले. फरशी गार होती म्हणून पोळपाट तिथंच ठेवून लाटलं. हात पाण्याखाली धरले. जाळी करताना तिसरी पट्टी तुटली, दूध लावून जोडली. पावणेसातला ओव्हनमधून काढलाय. मुलगा बारा वर्षांचा झाला, त्याला माहितेय हा कुणाचा पाय आहे ते. दर दहा मिनिटांनी ओट्यापाशी येऊन नुसता बघून जातो.

रेल्वेलाईन्स_आई
कापला का?

सातरस्ता_सकाळ
नाही. भांडं हलवलं की रस अजून हलतोय.