२ बाय २ चा ग्रो टेंट: लाईट किती वॅटची, पंखा कुठला?

कोपऱ्यातली_बाग
कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर १० बाय १० ची खोली, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. तिथं २ बाय २ फुटांचा, साडेचार फूट उंच ग्रो टेंट (घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा कापडी तंबू) लावायचाय. लेट्यूस, बेसिल आणि थोडी मिरचीची रोपं, एवढंच. दुकानदार जांभळी ‘१००० वॅट’ एलईडी आणि ६ इंची एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारा पंखा) घ्या म्हणतोय. एवढं लागतं का? पावसाळ्यात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी), मर (रोप बुडाशी कुजून कोलमडणं) नको आणि वायरिंगचा धोकाही नको. खोलीत ६ अँपिअरचे दोन सॉकेट आहेत.

हिरवं_पान
खोक्यावरचे १००० सोडा, सॉकेटमधून प्रत्यक्ष किती वॅट ओढते ते विचारा. तुम्हाला ५० ते ६० पुरेत. पांढरी फुल स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा उजेड देणारी) घ्या, ३५०० ते ४००० केल्विन रंगछटेची, आणि पानांपासून १२ ते १५ इंचांवर टांगा. मोबाइलच्या लक्स (उजेड मोजायच्या) ॲपवर पानांच्या उंचीला १३-१४ हजार दिसले की लेट्यूस-बेसिलला रोज १४ ते १६ तासांत भागतं. फोनचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, पण मध्यात आणि कोपऱ्यात किती फरक आहे ते नीट कळतं. पानं वरून पांढुरकी पडून कडा वळल्या तर दिवा दोन-तीन इंच वर घ्या. रोपं काडीसारखी लांबली तर खाली.

जांभळीला माझा विरोध आहे, कारण त्या उजेडात भुरीचा पहिला ठिपका दिसतच नाही. दिसेपर्यंत अख्खं पान गेलेलं असतं.

उन्हाळ्यात दिवा संध्याकाळी ६ ते सकाळी १० ठेवा. तरीही एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय लेट्यूसच्या नादी लागू नका, फुलोऱ्यावर येऊन कडू होतं. बेसिल निभावतं.

वारा_आणि_ओल
तुमचा टेंट १८ घनफुटांचा. मिनिटाला एकदा हवा बदलायची म्हणजे १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). डक्टच्या (हवेच्या पाईपच्या) वाकांत आणि जाळीत जोर जातो, म्हणून ४०-५० धरा. ४ इंची इनलाईन (डक्टमध्येच बसणारा) पंखा मंद चालवूनही तेवढं देतो. तो वर, हवा आत यायची जाळी खाली. कापड किंचित आत ओढलेलं दिसलं की बरोबर. फारच आत गेलं तर जाळी अजून उघडा. शिवाय ६ इंची क्लिपचा पंखा, पानांच्या वरून वारा जाईल असा.

खरी अडचण जुलै-ऑगस्टची. बाहेरचीच हवा ओली असताना एक्झॉस्ट कितीही फिरवा, टेंट खोलीपेक्षा कोरडा होणार नाही. तेव्हा डक्ट खिडकीतून काढून खोलीतच सोडा, खिडकी-दार बंद करा आणि खोलीत कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. उन्हाळ्यात उलट, गरम हवा बाहेर. पश्चिमेचा पाऊस थेट खिडकीवर येतो, म्हणून डक्टचं तोंड बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा.

पाणी दिवा लागल्यावर द्या, विझताना नको. दिवा विझला की तापमान उतरतं, आर्द्रता एकदम चढते आणि मर तिथंच सुरू होते. रात्रभर एक्झॉस्ट मंद चालू राहू दे.

वायरमन_कोल्हापूर
लाईट-पंखे मिळून १०० वॅटच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. ६ चा सॉकेट चालेल, डिह्युमिडिफायर मात्र दुसऱ्या सॉकेटवर. धोका लोडचा नाही, पाण्याचा आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच. शॉक बसताना एमसीबी (जादा लोडला पडणारा स्विच) पडत नाही. अर्थिंग तपासून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर तीन फुटांवर. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगात न जाता झोळातून खाली पडतो. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) सुटा असेल तर टेंटबाहेर. टायमर १६ अँपिअरचा घ्या. एलईडी सुरू होताना क्षणभर करंट उसळतो, स्वस्त टायमरचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवा विझतच नाही.

लाईट दोन वेगवेगळ्या दोऱ्यांवर टांगा. एक दोरी सुटली तरी लाईट पाण्याच्या ट्रेत पडायला नको. स्मोक अलार्म टेंटच्या बाहेर, छताला लावा. आत लावला तर ओलाव्यानं उगाच वाजत राहतो आणि मग लोक सेल काढून ठेवतात.