मदत हवी आहे: कृष्णधवल स्लाइडसाठी कोणती फिल्म घ्यावी आणि खानदेशच्या उष्णतेत ती कशी धुवावी?

नमस्कार.

साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरे आणि मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर असलेले चांगदेव मंदिर यांच्या कोरीव कामाच्या कृष्णधवल स्लाइड तयार करण्याचे काम मी हाती घेतले आहे. आमच्या शाळेत २४ व्होल्ट, २५० वॅटचा दिवा असलेला स्लाइड प्रोजेक्टर चांगल्या स्थितीत आहे, आणि मुलांना त्यांच्याच परिसरातील दगड भिंतीएवढा मोठा करून दाखवावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. रंगीत फिल्मचा मला आग्रह नाही. काळ्या पाषाणात रंग मुळातच कमी असतो. तेथे पाहायची असते ती छिन्नीने काढलेली खोली, आणि चांगल्या कृष्णधवल स्लाइडमध्ये सावलीचा काळा जितका गडद उतरतो तितका तो शाळेतल्या संगणकाच्या प्रोजेक्टरवर मला कधीच दिसलेला नाही.

निगेटिव्ह घरी धुण्याचा मला चांगला सराव आहे. रिव्हर्सलची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मवरच थेट पॉझिटिव्ह काढण्याची, कृतीही मी समजून घेतली आहे: पहिल्या डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह प्रतिमा उमटते, ब्लीचमध्ये त्या प्रतिमेची चांदी विरघळून निघून जाते, उरलेल्या चांदीच्या क्षारांना पुन्हा प्रकाश दाखवून दुसरा डेव्हलपर दिला की पॉझिटिव्ह तयार होते, आणि शेवटी फिक्सर व धुणे. माझी अडचण फिल्मच्या निवडीत आणि आमच्याकडच्या हवा-पाण्यात आहे.

फिल्मच्या बाबतीत माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. फोमापॅन आर १०० ही याच कामासाठी बनवलेली फिल्म आहे. तिचा पाया, म्हणजे थर ज्यावर लावलेला असतो ती पट्टी, पारदर्शक असतो आणि प्रकाशाचे परावर्तन रोखणारा चांदीचा थर ब्लीचमध्ये निघून जातो, त्यामुळे पडद्यावर पांढरा भाग स्वच्छ दिसतो. इल्फर्ड एफपी-४ प्लस आणि डेल्टा १०० या फिल्म रिव्हर्सलला चालतात हे मला माहीत आहे, परंतु ३५ मिलिमीटरमध्ये त्यांच्या पायाला करडी झाक असते. २५० वॅटच्या दिव्यासमोर ती झाक डोळ्यांना जाणवेल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष स्लाइड दाखवल्या आहेत त्यांच्याकडून मला ऐकायचे आहे.

यापेक्षा मोठा प्रश्न ब्लीचचा आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिडचे ब्लीच जिलेटीनला, म्हणजे प्रतिमा धरणाऱ्या थराला, मऊ करते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देते. त्या दिवसांत फिल्मचा एक तुकडा मी मुद्दाम चाचणीसाठी या ब्लीचमध्ये धुऊन पाहिला, तेव्हा कडेच्या छिद्रांपाशी जिलेटीन दुधावरची साय सरकावी तसे सुटून आले. पोटॅशियम डायक्रोमेटचे ब्लीच जिलेटीनला घट्ट ठेवते हे खरे असले, तरी त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ज्या अंगणात बोअर आहे तेथे ते वापरण्यास माझे मन तयार होत नाही. बोअरचे पाणीही इतके क्षारयुक्त आहे की वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात. अशा पाण्याचा रिव्हर्सलच्या कोणत्या टप्प्यावर काय परिणाम होतो, आणि परमँगनेट सांभाळून वापरण्याचा काही मार्ग आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार भाऊ. आपण डायक्रोमेट बाजूला ठेवले, हे योग्यच केले. परमँगनेट वापरता येईल, मात्र एकच अट आहे: सर्व द्रावणे २० अंशांच्या आसपास आणि एकमेकांशी सारख्या तापमानावर असली पाहिजेत. थंड डेव्हलपरमधून फिल्म कोमट पाण्यात गेली की जिलेटीनला धक्का बसतो आणि त्यावर जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. उन्हाळ्यात बाहेरच्या टबात बर्फ टाकून बाटल्या त्यात उभ्या करता येतात, पण फिल्म धुण्यासाठी लागणारे पाणी तेवढे थंड कोण ठेवणार? माझे स्पष्ट मत असे की चित्रण केव्हाही करावे, रोल थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत आणि धुण्याचे काम डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी राखावे. त्या दिवसांत आपल्याकडे नळाचे पाणी आपोआप हव्या त्या तापमानाजवळ येते.

पाण्याविषयी आपण विचारले ते फार महत्त्वाचे आहे, आणि डाग हा त्यातला किरकोळ भाग आहे. पाण्यात क्लोराइड असेल तर ब्लीचमध्ये विरघळणारी चांदी तेथेच सिल्व्हर क्लोराइड होऊन थरात अडकून बसते. पुढे दुसऱ्या डेव्हलपरमध्ये ती काळी होते आणि जो भाग स्वच्छ पांढरा दिसायला हवा तो मळकट निघतो. म्हणून ब्लीच डिस्टिल्ड वॉटरमध्येच तयार करावे आणि ब्लीचच्या आधीचे धुणेही शक्यतो त्याच पाण्याने करावे. याच कारणाने सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड कधीही वापरू नये. परमँगनेट आणि ॲसिड यांची द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून वापरण्याच्या क्षणी एकत्र करावीत, कारण मिश्रण टिकत नाही. आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये. ब्लीचनंतर राहणारा तपकिरी डाग सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात निघतो. त्या वेळी दिवा लावून फिल्म पाहिली तर पिवळसर सायीच्या रंगाच्या थरात फिकट पॉझिटिव्ह दिसते. ती दिसली की ब्लीच नीट झाले असे समजावे.

फिल्म फोमापॅन आर १०० घ्यावी. करडी झाक एकट्या स्लाइडमध्ये डोळ्याला फारशी कळत नाही, परंतु स्वच्छ पायाच्या स्लाइडनंतर ती लावली की पडदा लगेच अंधारल्यासारखा वाटतो. एफपी-४ वापरायची झाल्यास पहिल्या डेव्हलपरमध्ये थोडा हायपो (सोडियम थायोसल्फेट) मिसळावा लागतो, नाहीतर उजळ भाग मोकळे होत नाहीत. स्लाइडला निगेटिव्हसारखी सूट नसते, अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकही पडद्यावर दिसतो. म्हणून मंदिरावर दुपारचे ऊन टाळून सकाळच्या तिरप्या उजेडात, प्रत्येक महत्त्वाच्या शिल्पाची अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने कमी-जास्त अशी तीन चित्रे घ्यावीत. स्लाइड काळसर निघत असेल तर पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवावा, फिकट निघत असेल तर कमी करावा. दुसऱ्या डेव्हलपरचा वेळ बदलून काही साधत नाही.

आपण विचारात न घेतलेला आणखी एक मार्ग आहे आणि शाळेच्या कामासाठी मला तो अधिक भरवशाचा वाटतो. नेहमीप्रमाणे निगेटिव्ह तयार करावी आणि ती काचेखाली, थराला थर लावून, पॉझिटिव्ह फिल्मवर छापावी. कोडॅकची २३०२ किंवा ऑर्वोची पीएफ-२ या फिल्म सिनेमाच्या प्रतींसाठीच बनवलेल्या आहेत. त्या लाल दिव्याखाली हाताळता येतात आणि ब्लीचची गरजच उरत नाही. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात, आणि एखादी स्लाइड दिव्याच्या उष्णतेने खराब झाली तरी मूळ चित्र सुरक्षित राहते. फक्त माउंट करताना लक्षात ठेवावे की ही स्लाइड थराच्या बाजूने पाहिली असता सुलट दिसते, तर कॅमेऱ्यातून थेट आलेली पायाच्या बाजूने. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये मिसळले तर प्रोजेक्टरचा फोकस दर वेळी थोडा हलवावा लागेल.

धागाकर्ता

दादा, मनःपूर्वक आभार. क्लोराइडचा मुद्दा मला कोठेही इतक्या स्पष्टपणे वाचायला मिळाला नव्हता. बळसाण्याची चित्रे निगेटिव्हवर घेऊन पॉझिटिव्ह फिल्मवर छापेन, आणि चांगदेव मंदिराचा एक रोल फोमापॅनवर घेऊन हिवाळ्यात धुईन. एक गोष्ट अजून विचारायची राहिली: वापरलेले परमँगनेटचे ब्लीच टाकून देण्यापूर्वी त्यात मेटाबायसल्फाइटचे द्रावण रंग जाईपर्यंत मिसळले आणि नंतर खाण्याच्या सोड्याने ॲसिड मारले, तर ते पुरेसे होईल का? मिसळताना निघणाऱ्या वायूसाठी हे काम उघड्या गच्चीवरच करण्याचा विचार आहे.